खंडेनवमीचा तपास

नवरात्रातली चौथी माळ, वार बुधवार, वेळ सकाळची. ठाण्यात हजर: मी, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक आणि त्या दिवशीची प्रभारी, ठाणे अंमलदार, आमचे सर्वांत जुने हवालदार, वायरलेसवर एक महिला शिपाई, आणि बाहेरच्या बाकावर मांडीवर रिकामी कापडी पिशवी घेऊन बसलेली एक मुलगी. नोकरीतले बरेच दिवस आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा दिवस मात्र असा हजेरीसकट वेगळा राहिला आहे.

ही माणसं याच शहरात आहेत, रोज एकमेकांना भेटतात. म्हणून नावं लिहीत नाही. ठाण्याचंही नाही.

मुलगी नेसरीच्या बाजूची. घरात आठवडी बाजाराचा व्यापार, बोलण्यात मराठीच्या मधे कानडी. कोल्हापुरात येऊन तिने राजारामपुरीच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली होती आणि जाड कापडाच्या पिशव्या शिवायचा धंदा सुरू केला होता. दुकानदारांना भाजीच्या, क्लासवाल्यांना पुस्तकांच्या. जाड कापड साध्या मशीनवर शिवलं जात नाही, त्यासाठी भारी मशीन लागतं. ते तिला एका सरकारी योजनेतून मिळालं होतं. घटस्थापनेला ती गावी गेली, दसरा करूनच येणार होती. पण एका दुकानाची मागणी आली म्हणून लवकर परतली. शेडचं दार उघडलं तर मशीन नाही.

मी जागेवर गेले. तिथे तीन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे मशीन पूर्ण गेलेलं नव्हतं. शिवण्याचं वरचं अंग, ज्याला हे लोक 'हेड' म्हणतात, तेवढंच उचललं होतं. खालचं टेबल आणि मोटार तशीच होती. दुसरी म्हणजे कपाटातल्या तयार पिशव्या, इस्त्री, पितळी समई, कशाला हात लागलेला नव्हता. तिसरी गोष्ट हवालदारांनी दाखवली. मागच्या दाराची कडी स्क्रू काढून सोडवली होती, आणि काम झाल्यावर तेच स्क्रू पुन्हा जागेवर घट्ट बसवले होते.

हवालदार कडीवर बोट फिरवत म्हणाले, "मॅडम, चोर मोडून जातोय. ह्यो जोडून गेलाय."

पंचनामा केला, गुन्हा नोंदवला. उरलेलं टेबल आणि मोटारही जाऊ नये म्हणून शेडवर एक शिपाई बसवला. या शिपायाचा पुढे असा काही उपयोग झाला की अजून हसू येतं. ते नंतर.

दुपारी त्या योजनेच्या कार्यालयातले अधिकारी स्वतःच ठाण्यात आले. माणूस सरळ, पण पोळलेला. दसऱ्यानंतर लगेच त्यांची पडताळणी होती. दिलेली मशीनं मंजूर केलेल्या जागेवर आहेत का, चालतात का, हे बघून त्यांना अहवाल द्यायचा होता. मशीन जागेवर नसेल तर उद्योग बोगस असा शेरा पडतो आणि लाभार्थ्याचं नाव कायमचं खोडलं जातं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, वाईट वाटतं सांगायला. पण मशीन घ्यायचं, विकून टाकायचं आणि पडताळणी जवळ आली की चोरीची तक्रार द्यायची, असं मी पाहिलंय. चोर जाताना दार नीट लावून जातो का कधी?"

स्क्रूंचा विचार मीही त्याच दिशेने करत होते. बनाव करणारा माणूस स्वतःची कडी तोडत नाही, कारण दुरुस्त त्यालाच करावी लागते.

दुसऱ्या दिवशी खबर आली. आमच्या ठाण्यासमोर थांबणारा एक रिक्षावाला हवालदारांच्या ओळखीचा. चहा पिता पिता तो त्यांना म्हणाला की मशीन कुणी नेलं ते शोधायला लांब जायला नको, त्या पोरीनेच ते चादरीत गुंडाळून त्याच्या रिक्षातून नेलं होतं. कधी, ते त्याला नक्की सांगता येईना. घट बसायच्या आधी की नंतर, तेही नाही. पण नेलं हे नक्की, कारण उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली होती.

मी मुलीला बोलावलं. महिला शिपायाला शेजारी बसवलं. माझी चौकशीची पद्धत ठरलेली होती. आधी माणसाला स्वतःच्या कामाबद्दल बोलू द्यायचं. कामाबद्दल माणूस खोटं बोलत नाही, आणि खरं बोलायची जीभ एकदा चालू झाली की मग ती पटकन वळत नाही. ती बोलली. गावाकडे आई बाजारात पिशव्या विकायची, त्या धुतल्या की फाटायच्या, गिऱ्हाईक पुढच्या बाजारी येऊन आईला बोल लावायचं. फाटणार नाही अशी पिशवी शिवायची हे तिने तेव्हाच मनात घेतलेलं. थोरल्या भावाचा, अण्णाचा, शहरात येण्याला विरोध. शेवटी आईने, अव्वाने, एसटीत बसवून दिलं. मशीन आलं त्या दिवशी अव्वा गावाहून आली आणि तिनेच त्यावर पहिलं हळदीकुंकू लावलं.

मग मी रिक्षाचं विचारलं. आतापर्यंत माझ्याकडे बघून बोलणारी मुलगी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघायला लागली.

मी तिला सगळं स्पष्ट सांगितलं. मशीन सापडलं नाही तर तिच्यावरच खोट्या तक्रारीचा ठपका येईल. योजनेतून नाव जाईल. शेड जाईल. गावात काय सांगायचं ते तिलाच ठरवावं लागेल.

पेपरवेट बाजूला सारून ती म्हणाली, "नेलतो मी. घट बसायच्या आदी." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, गेलो, आलो, नेलतो. "सुई दोरा तोडत हुती. मामांकडं न्हेऊन दुरुस्त करून आणलं. त्याच दिवशी परत आणलं, मॅडम. अव्वाची शपथ."

हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाही, असं विचारलं. तर योजनेचा नियम असा की मशीन जागेवरून हलवायचं नाही आणि दुरुस्ती कंपनीच्याच माणसाकडून करायची. कंपनीचा माणूस पुण्याहून येतो, फोन केल्यावर कधी येईल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. तिकडे दुकानदार पिशव्या मागत होता. म्हणून तिने नियम मोडला, आणि तो उघड होईल या भीतीने पोलिसांपासून लपवला. छोटा धंदा करणाऱ्याची ही नेहमीची अडचण मी पुढेही पाहिली. नियम पाळला तर गिऱ्हाईक जातं, मोडला तर आधार जातो.

मामा म्हणजे रिक्षांचे हूड आणि सीट शिवणारे कारागीर. त्या भागात सगळे त्यांना हूडवाले मामाच म्हणायचे. जिन्याखालचं अरुंद दुकान, रेक्झिनचे गठ्ठे छतापर्यंत. आमच्या ठाण्याच्या जीपची सीटही त्यांनीच शिवलेली. मुलगी कोल्हापुरात आली तेव्हा उरलेले रेक्झिनचे तुकडे विकत घ्यायला त्यांच्याकडे गेली होती. तुकड्यांबरोबर जाड शिलाई कशी घालायची हेही त्यांनी तिला शिकवलं. योजनेचा अर्जही त्यांनीच करायला लावला.

मी त्यांच्या दुकानात गेले. ते दुकानाच्या पायरीवरच उभे होते. आत बसायला जागा नाही म्हणून बाहेरच बोलू, असं म्हणाले. मुलीने सांगितलेलं सगळं त्यांनी मान्य केलं. मशीन आलं होतं, सुईची बैठक सरकली होती, नीट करून त्याच दिवशी परत दिलं. उत्तरं सरळ, एकही अडखळ नाही. मी निघताना त्यांनी विचारलं, "पोरीला आत टाकणार काय, मॅडम?" मी म्हटलं, अजून तसं काही नाही. जीपपर्यंत सोडायला आले तेव्हा पुन्हा तेच. जीप सुरू झाली तेव्हा खिडकीशी वाकून पुन्हा तेच.

साधारणपणे संशयित स्वतःची काळजी करतो. हा माणूस मुलीची करत होता, म्हणून मी त्याला संशयितांत धरलाच नाही.

पुढचे दोन दिवस भंगारवाले, जुन्या मशीनचे दलाल, दुरुस्तीवाले सगळे तपासले. कुठेच काही नाही. मला एका मुद्द्यापाशी पुन्हा पुन्हा यावं लागत होतं. विकायला नेणारा चोर मोटार सोडणार नाही, कारण मोटार आधी खपते. फक्त हेड नेणाऱ्याकडे त्याच मापाचं टेबल आणि मोटार आधीपासून असली पाहिजे. म्हणजे त्याला विकायचं नव्हतं. शिवायचं होतं.

भारी मशीनवर शिवणारे त्या भागात कोण? चपला शिवणारे, बॅगवाले, ताडपत्रीवाले, हूडवाले. मी यादी केली. यादी फार मोठी नव्हती, पण प्रत्येकाच्या दुकानात घुसून झडती घ्यायला कारण हवं, आणि नुसत्या संशयावर सणासुदीत गरिबाचं दुकान उलथंपालथं करायचं माझ्या मनाला पटत नव्हतं. झडती घेतलेल्या दुकानात गिऱ्हाईक लगेच येत नाही.

तेवढ्यात ठाण्यात खंडेनवमीची तयारी सुरू झाली. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रपूजा असते. बंदुका साफ करून मांडतात, वायरलेसला, जीपला, बेड्यांनासुद्धा झेंडूचा हार. महिला शिपाई बेड्यांना कुंकू लावत होती. ते बघताना मला रस्ता दिसला. खंडेनवमीला कोल्हापुरात कुणीही कामकरी माणूस हत्यार आत ठेवत नाही. वर्षभर कोपऱ्यात पडलेला हातोडासुद्धा त्या दिवशी पुसून पाटावर येतो. दुकानं सताड उघडी असतात आणि रस्त्याने जाणाऱ्याला बोलावून प्रसाद देतात. झडती कशाला हवी? मला फक्त प्रसाद घेत फिरायचं होतं.

हवालदारांना सांगितलं तर ते हसले. "मॅडम, चोर काय चोरीचं मशीन पूजंला मांडंल व्हय?"

मी म्हटलं, "मांडणार नाही. पण पुजल्याशिवाय राहणारही नाही. ज्याने कडीचे स्क्रू परत बसवले, तो कामकरी माणूस आहे. हातात असलेलं हत्यार तो खंडेनवमीला बिनपूजेचं ठेवेल का?"

हवालदारांनी खाली पाहिलं. स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याला त्यांनी सकाळीच कुंकू लावलेलं होतं. म्हणाले, "न्हाय ठेवणार."

शस्त्रपूजा आटोपून आम्ही निघालो. यादीतल्या प्रत्येक दुकानात 'या पावणं, बसा' झालं, खोबरं-साखर झाली, पेढा झाला. चपलांच्या दुकानात आरी, रापी, ठोकणी ओळीने मांडलेली. बॅगवाल्याने कात्रीलासुद्धा छोटा हार घातला होता. हवालदारांना मधुमेह, तरी प्रसादाला नाही म्हणता येईना. अर्ध्या वाटेवर ते म्हणाले की हा तपास फार दिवस चालला तर त्यांना दवाखान्यात भरती करावं लागेल.

यादीत शेवटी हूडवाले मामा होते. शेवटी, कारण संशय सर्वांत कमी.

दुकान धुऊन काढलेलं. पाटावर कात्री, दाभण, हातोडी, दोऱ्याला लावायच्या मेणाचा गोळा. आणि पाटाच्या मधोमध त्यांच्या जुन्या मशीनचं हेड, तेल लावून चकचकीत केलेलं, कपाळाला कुंकू. बाहेर नव्या हूडच्या रिक्षा उभ्या होत्या आणि त्यांचे चालक त्यांना फुगे बांधत होते. मामांनी हत्यारांच्या पाया पडून आम्हाला प्रसाद दिला.

जुनं हेड जमिनीवर पाटावर आहे. मग टेबलावर काय आहे?

टेबल मागे गठ्ठ्यांच्या आडोशाला होतं आणि त्यावर फुलाफुलांची चादर घातलेली होती. चादर सपाट नव्हती. टेबलाच्या पायांशी झेंडूच्या पाकळ्या सांडलेल्या, आणि चादरीच्या कडेतून उदबत्तीचा धूर हळूहळू बाहेर येत होता.

मी विचारलं, "मामा, चादरीखाली कुणाची पूजा केलीय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हवालदारांकडे. पळायला जागा नव्हती आणि तसा त्यांचा विचारही नव्हता. पुढे होऊन त्यांनी आधी उदबत्ती बाजूला घेतली, कापडाला लागू नये म्हणून, आणि मग चादर स्वतःच काढली. मुलीचं मशीन होतं. योजनेची पत्र्याची पट्टी तशीच होती. पट्टीच्या वरच्या बाजूला कुंकवाची बोटं आणि ताजा हार.

"माझी न्हवं ही मशीन," मामा म्हणाले. "पर समद्या रिक्षांची लाज तिनं राखली. आज तिला तशीच कशी ठेवू?"

तिथेच पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. हूडच्या धंद्याचा हंगाम म्हणजे दसरा. सगळ्या रिक्षावाल्यांना पूजेला नवा हूड हवा असतो. त्यावरच मामांचं पुढचं वर्ष उभं राहतं. घट बसले आणि त्यांच्या जुन्या मशीनच्या आतला एक भाग तडकला. तो आता कुठे मिळत नाही. हूड दिले नसते तर रिक्षावाले बाहेरगावचे तयार हूड आणणार होते, आणि एकदा तिकडे गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. मुलगी दसऱ्यापर्यंत गावी. मशीन रिकामं. दसऱ्याच्या दिवशी परत ठेवायचं असा त्यांचा हिशेब. ती लवकर आली आणि हिशेब चुकला.

"मग कळल्यावर का नाही परत ठेवलं?" मी विचारलं.

"ठेवाय गेलतो की. पहाटं हातगाड्यावर घालून गेलतो. तुमी दारात शिपाई बसवलासा."

हवालदार तोंड फिरवून रिक्षांकडे बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

मी पंच बोलावले, शेजारचा घड्याळवाला आणि वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त शिक्षक. पंचनामा झाला, फोटो झाले. मशीन ताब्यात घ्यायचं म्हणून शिपायाला उचलायला सांगितलं, तर तो जागेवरून हलेना. हवालदारांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं की पुजलेलं हत्यार आज हलवत नाहीत, उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की हलवायचं. दोन्ही पंचांनीही माना डोलावल्या. कायद्यात याला काही आधार नाही. पण जप्ती लेखी झाली होती, मशीन मोहोरबंद केलं होतं, आणि एक रात्र पहारा ठेवण्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी मशीन तिथेच ठेवलं. मामांना मात्र ठाण्यात यावं लागलं. बेड्या घालायचा प्रश्नच नव्हता. शिवाय त्या दिवशी बेड्याही पुजलेल्या होत्या.

ठाण्यात मामा त्याच बाकावर बसले जिथे पहिल्या दिवशी ती मुलगी बसली होती. मी तिला बोलावून घेतलं. मशीन सापडलं एवढंच निरोपात सांगितलं होतं, म्हणून ती धावत आली. दारात मामांना बघून तिला वाटलं की तेही तिच्यासाठीच आलेत. "मामा, सापडलं वं!" असं म्हणत ती त्यांच्या शेजारी बसली. मग तिने आमचे चेहरे पाहिले. मग त्यांचा.

वायरलेसवर कुठल्यातरी मिरवणुकीचा संदेश चालू होता.

"मागितलं का न्हाई, मामा?" ती म्हणाली. एवढंच.

"मागितलं असतं तर तू दिलं असतंस की."

"मग?"

"मग नियम मोडला तू, असं झालं असतं. तुझं नाव गेलं असतं. आता मोडला ते मी हाय. म्हाताऱ्याचं नाव कुठल्या यादीत हाय जायाला?"

मुलगी उठून बाहेर गेली. मला वाटलं चिडून गेली. ती समोरच्या टपरीवरून चहा घेऊन आली, एक मामांना दिला आणि दुसरा स्वतः घेऊन शेजारी बसली. बाकावर दोघांच्या मधे अंतर नव्हतं.

यादीचा अर्थ मी नंतर मामांना विचारला. मुलीला योजना मिळायच्या आधी त्यांनी स्वतःही अर्ज केले होते, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी परत. योजना नव्या उद्योगाला होती. त्यांचं दुकान जुनं. वयही उलटून गेलेलं. स्वतःचा अर्ज कुठे बसत नाही हे कळल्यावर, कुणाचा बसेल हे त्यांना नेमकं समजलं होतं, आणि म्हणून त्यांनी मुलीला अर्ज करायला लावला.

आता खरी अडचण पुढे होती. मशीन म्हणजे मुद्देमाल. मुद्देमाल ठाण्यात जमा होतो आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय परत मिळत नाही. न्यायालयाला सणाची सुट्टी, आणि पडताळणी लगेच. मशीन सापडूनही मंजूर जागेवर नसणार. म्हणजे चोरी उघड झाली तरी मुलीचं नाव खोडलंच जाणार होतं.

मी कार्यालयातल्या त्या अधिकाऱ्यांना फोन केला आणि पडताळणी ठाण्यात येऊन करा असं सांगितलं. त्यांनी नियम वाचून दाखवला. मी म्हटलं, नियम बरोबर आहे, तुम्ही फक्त या आणि जे डोळ्यांनी दिसेल ते लिहा. ते आले. मुद्देमालाच्या खोलीत जुन्या सायकली आणि दारूच्या कॅनच्या मधे उत्तरपूजेनंतर आणून ठेवलेलं ते मशीन होतं, गळ्यात सुकलेला हार. त्यांनी पट्टीवरचा क्रमांक तपासला. त्यासाठी त्यांना कुंकू रुमालाने हळूच पुसावं लागलं. मग उभ्यानेच लिहिलं की मशीन विकलेलं नाही, पोलिसांच्या ताब्यात आहे, लाभार्थीची तक्रार खरी आहे. सही करून म्हणाले, "मॅडम, मशीन विकून टाकलेले बघितले होते. पुजलेलं पहिल्यांदाच बघतोय."

सुट्टी संपल्यावर मुलीने न्यायालयात अर्ज केला, मशीन हमीपत्रावर तिला परत मिळालं. अशा चोरीच्या गुन्ह्यात तक्रारदाराला न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येते. तीही तिने केली. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का? ती म्हणाली, "हाय की. माझ्या अव्वाचा. ती म्हणतीया, गुरूवर केस करून पिशव्या खपत न्हाईत."

यानंतर या दोघांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. मशीन जागेवरून हलवता येत नाही, हा नियम. ठीक आहे. मामा हलू शकतात. त्यांनी जिन्याखालचं दुकान फक्त माल ठेवायला ठेवलं आणि शिवायला तिच्या शेडमध्ये जाऊ लागले. सकाळी तिच्या पिशव्या, दुपारनंतर त्यांचे हूड. हूडचं उरलेलं रेक्झिन पिशवीच्या तळाला लागायचं, त्यामुळे पिशव्या आणखी टिकायला लागल्या. पुढच्या पडताळणीला तेच अधिकारी आले. मशीनवर मामांना बघून त्यांनी चष्मा नीट केला आणि मला फोन लावला. मी विचारलं, मशीन जागेवर आहे का? ते म्हणाले, आहे. चालू आहे का? आहे. मग तेच म्हणाले, "चालवणारा कोण, असा रकाना माझ्याकडे नाही."

या प्रकरणाने मला काय शिकवलं ते थोडक्यात लिहिते. ठाण्यात बसून मी अनेक छोटे धंदे पाहिले. गाडे, टपऱ्या, जिन्याखालची दुकानं. शहराचं पोट त्यांच्यावर भरतं. त्यांना सरकारच्या मदतीचा हात लागतो आणि तो मिळालाही पाहिजे; ती मुलगी त्या हाताशिवाय आजही गावात फाटणाऱ्या पिशव्याच विकत बसली असती. पण मदत बहुधा सुरुवातीला भेटते. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या धंद्याचा एक भाग तडकतो तेव्हा त्याला काही लागेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण तो चालूच असतो. चालू असलेला माणूस कुठल्या कागदावर दिसत नाही. मामा मला दिसले ते गुन्हा केल्यावर. त्याआधी ते आमच्या जीपची सीट शिवत होते आणि मी त्या सीटवर रोज बसत होते.

मी निवृत्त झाले तेव्हा करायच्या कामांची यादी केली. पेन्शनची कागदं, डोळ्यांची तपासणी, घराची गळती, अशी बहुतेक कामं खोडून झाली. मामांचा नवा अर्ज, जुन्या धंद्याच्या दुरुस्तीसाठी, मी स्वतः लिहून दिला. कार्यालयात कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला आहे. नकार नाही, मंजुरीही नाही. तिथले ते अधिकारी मनापासून धडपडतात. पण असा अर्ज कुठल्या योजनेत बसवायचा हे त्यांनाही अजून सापडलेलं नाही.

गेल्या खंडेनवमीला शेडमध्ये गेले होते. मुलीचं मशीन हार घालून जागेवर होतं. तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं दुसरं मशीन त्याच्या शेजारी. आणि सर्वांत पुढे, पाटावर, मामांचं जुनं हेड. तेल लावलेलं, कुंकू लावलेलं, आतला भाग अजून तडकलेलाच. मी म्हटलं, मामा, हे तर चालत नाही, तरी दरवर्षी पूजा?

खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "चालत न्हाय म्हणून हत्यार न्हवं व्हय, मॅडम? तुमी रिटायर झालासा. तुमाला पोलीस म्हणायचं सोडलंय का कुणी?"

माझ्या यादीत मामांच्या अर्जाचं तेवढं एक काम राहिलं आहे. सोमवारी कार्यालय उघडलं की पुन्हा जायचं आहे.